टोक

कुताईसी, फेब्रुवारी. रिओनी नदीवर सकाळपासून धुकं,
तपासणीच्या खोलीतला हीटर नुसताच आवाज करतो.
दारिको आत आल्या, स्वेटरवर स्वेटर घालून.
बत्तीस वर्षं रेशीमगिरणीत
उकळत्या पाण्यातून कोषांचं टोक शोधणारी बोटं
आज स्वतःच्या उजव्या छातीपर्यंत जायला तयार नव्हती.

फिल्मवर काटेरी काहीतरी होतं, चहूकडे पाय पसरलेलं.
वरच्या मजल्यावरच्या सर्जननं फॉर्मवर
कर्करोग लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं,
रीत म्हणून.
मी बोटांनी पाहिलं. दगड.
कातडी आत ओढलेली, खालून कुणी चिमटीत धरल्यासारखी.
माझ्या मनातही निकाल लागून गेला होता,
खोटं कशाला बोलू.

"कल्बातोनो दारिको, श्वास रोखू नका. सुई केसाएवढी बारीक आहे."
"केसाएवढी की रेशमाएवढी?" त्यांनी विचारलं. "फरक असतो."

सुई आत जाते तेव्हा हाताला ऐकू येतं.
चरबी काहीच बोलत नाही.
कर्करोग करकरतो,
कच्च्या नासपतीत सुरी घालावी तसा.
इथे करकर नव्हती.
चिवट, रबरी, हट्टी काही;
सुई दिली तर घेत होतं, मागितली तर सोडत नव्हतं.
चार फेऱ्या मारून सिरिंजच्या तोंडाशी
थेंब नाही, थेंबाची शंका.

झुराबनं काच वाऱ्यावर वाळवली, निळ्या रंगात बुडवली.
त्या वीस मिनिटांत
दर वेळी माझी तेक्लेशी गाठ पडते.

एकोणतीस वर्षांची होती.
तिच्या छातीतून सुईनं नुसतं रक्त आणलं
आणि मी लिहिलं, नुसतं रक्त.
वाक्य खरं होतं.
त्या रक्तातच ते दबा धरून होतं, रक्तवाहिनीच्याच पोटचं,
तीन पेशी, डाव्या कोपऱ्यात,
आणि मी पान उलटावं तशी काच सरकवली.
द्राक्षांची तोडणी सुरू झाली तोवर
पुढचं इथे लिहीत नाही.

भिंग खाली आणलं.
मोठ्या, मऊ पेशी, कडा विरलेल्या,
पोटात बारीक रवा भरलेला.
केंद्रकं लहान, गोल,
एकही घाईत नव्हतं.
काही तर घर सांडून बाहेर आलेली,
रव्यात उघडीच बसलेली.

मी काच सरकवली नाही.
कोपरे पाहिले. डावा पुन्हा पाहिला.
झुराब म्हणाला, चहा निवला. निवू दे.

मज्जातंतूभोवती गुंडाळून राहणाऱ्या पेशी असतात,
जन्मभर एकाच धाग्याला कवेत घेऊन.
त्यांच्याच कुळातलं कुणी एखाद्या वेळी,
का ते आम्हाला ठाऊक नाही,
धाग्यावाचूनच वाढत सुटतं
आणि छातीत खेकड्याचं सोंग घेऊन बसतं.
माझ्या सव्वीस वर्षांत हे दुसरं.

गुरुवारी दुसरी काच आली.
तपकिरी रंग जिथे धरायला हवा होता
तिथेच धरलेला.
मी अहवाल लिहिला, अकरा ओळी.
प्रश्नचिन्ह काढलं नाही.
टाळलं, असंही नाही; लागलंच नाही.

"काढावं लागेल," मी सांगितलं, "कडेचं थोडं घेऊन.
छाती राहील."
"पण होतं काय ते?"
"धाग्यावरचं वेष्टण. आत धागा नसलेलं."
त्या बराच वेळ हीटरकडे बघत राहिल्या.
"फुका कोष," म्हणाल्या. "आमच्याकडे त्याची टोपली वेगळी असे.
नव्या पोरी ओळखायच्या नाहीत,
टोक सापडेल म्हणून उकळत बसायच्या, हात भाजेपर्यंत."

तेक्लेची काच माझ्या खणात आहे.
निळा रंग आता उडत चाललाय.

दारिको उभं राहून स्वेटरची बटणं लावत होत्या, वरून खाली.
शेवटी एक उरलं.
हसल्या, सगळी सोडली,
आणि पुन्हा पहिल्यापासून.