मागची डावी दाढ

सफरचंदावर तांबडी रेघ उमटायची.
मी सुरीनं तेवढाच भाग कापून टाकायचे.
बेसिनमध्ये थुंकले की लगेच नळ सोडायचा,
गुलाबी पाणी जाळीखाली गेलं
की काही झालंच नाही.
अशी सहा वर्षं काढली.

शेवटी सहकारनगरात, वाण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर,
डॉक्टर मृण्मयी ढमढेरेंच्या खुर्चीत आडवी झाले.
त्या बारीक सळई हिरडीत उतरवायच्या, आकडा बोलायच्या,
रुबिना कागदावर टिपून घ्यायची.
तीन. चार. तीन.
पाच. पाच.
सहा.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते मी,
त्यातली अठरा ट्रंक बोर्डावर.
सातारा द्या, बार्शी द्या, अर्जंट आहे हो ताई,
पलीकडून लोक दातांच्या कण्या करायचे,
मी वायर खोचायचे.
नंबर ऐकला की बोटं आपली आपण हलतात,
खुर्चीतही हलली.
हा सहा कुठला, मी तोंडात कापूस धरून विचारलं.
मागची डावी दाढ.
हिरडीला खिसे पडलेत, काकू.

खिसे!
जन्मभर बिनखिशाच्या साड्यांत वावरले,
मिळाले ते इथे.

माझी आई मिश्री लावायची, तर्जनीवर, उकिडवी बसून.
पडलेला दात काडेपेटीत ठेवायची.
तिसरी काडेपेटी अर्धीच भरली
आणि ती गेली.

यंत्र घरी आलं त्या दिवशी शरच्चंद्र म्हणाले,
साडेतीन हजार?
दात कोरून कुणाचं पोट भरलंय?
पहिल्या सकाळी मी बटण दाबलं आणि मग नळी तोंडात घातली.
उलटं करायचं असतं.
आरसा भिजला, चष्मा भिजला,
दाराआड उभे असलेले शरच्चंद्रही थोडे भिजले.

आता जमतं.
कोमट पाणी, सगळ्यात हळू वेग,
बेसिनवर वाकायचं, ओठ सैल,
पाणी ओघळेल तसं ओघळू द्यायचं,
टोक हिरडीच्या काठाकाठानं, घाई न करता.
ब्रश काही सुटत नाही त्यानं,
तो आहेच.
आठवडाभर लाल आलं, मग फिकं,
मग एका मंगळवारी
नुसतं पाणी.

खडकवासल्याहून निघालेलं,
पर्वतीला थांबलेलं, आमच्या गच्चीच्या टाकीत झोपलेलं पाणी
या एवढ्याशा भांड्यातून
दोन दाढांमधल्या बोळात शिरतं,
कालच्या पालकाचा धागा घेऊन बाहेर येतं.
घुंऽऽ असा आवाज.
रात्रपाळीला बोर्ड असाच घुमायचा,
सगळं शहर गप्प असताना.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद.
बुधवारी रात्री बेसिनशेजारी एक तांब्या भरलेला असतो,
वर बशी झाकलेली.
मी विचारत नाही.
ते सांगत नाहीत.

तीन महिन्यांनी परत तीच खुर्ची, तीच सळई.
तीन. दोन. तीन. तीन.
रुबिनाचं पेन भरभर.
मग जरा थांबून,
पाच.
मागची डावी?
हो, ही हट्टी आहे, डॉक्टर म्हणाल्या. सोडू नका तिला.
मी म्हटलं, बार्शीची लाईन अशीच असायची.
त्यांना कळलं नाही, पण हसल्या.

यंत्र दोन मिनिटांनी आपोआप बंद पडतं.
मी तिसऱ्या मिनिटाला मधे बोलायचे:
तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?
पुष्कळांकडे पैसे नसायचे.
एका बाईचं ‘अहो, बाबांना एवढं सांगा की’
माझ्या हातात अर्धंच राहिलं.
वायर काढली मी. नियम होता.

आज घुंऽऽ थांबलं तेव्हा
टोक त्या दाढेपाशीच होतं.
भांड्यात बोटभर पाणी शिल्लक.
आरशातल्या बाईला विचारलं, वाढवायचा का?
तिचं तोंड उघडंच होतं,
ती काय बोलणार.
मी बटण दाबलं.