ही गोड

विट्यात, कराड रस्त्याला, सायकलच्या दुकानावर माझा क्लास.
रात्री आठला मागावरची पाळी सुटते,
मग चौघीपाचजणी जिना चढतात,
भुवयांवर कापसाची लव घेऊन.

आज भूतकाळ.
वॉक, प्ले, वेट.
शेवटाला ईडी लावा, झालं कालचं.

‘एवढंच?’ मालन ताटे म्हणाली.
‘आपल्यात गेला, गेली, गेलं, गेल्या.
हितं बाई गेली का बाप्या, काय कळंना.’

लिहायला एक, म्हटलं, पण म्हणायला तीन.
गळ्यावर बोटं ठेवा.
मूळ शब्दाच्या शेवटाला घसा थरथरला तर ड,
गप्प राहिला तर ट.
पाच बायका गळा धरून वॉक्ट, प्लेड, वॉक्ट.
खालून यासीन पंक्चरवाला:
‘मॅडम, टॉन्सिलची साथ आली का?’

मालनला घसा लागलाच नाही.
धोटा जातो तेव्हा ट, म्हणाली, परततो तेव्हा ड.
बारा तास ऐकतीया.

मग वेट.
वेट्ट. जीभ अडकली तिची.
टवर ट बसत नाही, मधे जागा सोडायची. वेटिड.
‘म्हंजे वाट बघितली की शब्द लांबतो.’
हो, एका अक्षरानं.
‘एकाच?’

आता एकेक वाक्य, स्वतःच्या घरातलं.
ती उभी राहिली, पदर सारखा केला.
‘माय हजबंड. गलाई शॉप.
ही गोड कोइमतूर.’

ही गोड!
बाकावरून हसू सांडलं, जिन्यापर्यंत गेलं.
सात वर्षं सोनं वितळवणारा,
गेल्या तीन दिवाळ्या ज्याचा फोन नाही,
तो क्षणभर गोड झाला.

मलाच लाल खडू उचलावा लागला.
गोला ईडी लागत नाही, मालन. वेन्ट.
‘हे कुठनं आलं मधीच?
गोचं काहीच राहिलं नाही की त्यात.’
मी म्हटलं, ते नियमाबाहेरचं आहे, पाठ करायचं.

ती खाली बसली. वहीत काहीतरी खोडलं.
आणि बऱ्याच वेळानं, दुसरीच शिकत असताना,
‘आपलंबी तसंच हाय, मॅडम.
जातो. गेला.
जा कुठं ऱ्हायला त्यात?’

तीस वर्षं मराठी बोलतेय मी. कधी दिसलं नव्हतं.

खाली यासीननं शटर ओढलं.
शट, शट, शट, मी घाईत सांगितलं,
हे मात्र कधीच बदलत नाही,
उद्या पाच वाक्यं आणा.

जिन्याच्या वळणावर मालन थांबली,
गळ्यावर दोन बोटं,
काहीतरी म्हणून बघत होती.
ट होता का ड,
वरून ऐकू आलं नाही.