बाकी एक

मेणकापडावर एकोणीस काड्या मांडल्यात,
शेजारी शेजारी. एकेक काडी म्हणजे एकेक एक.
कुलदीगाच्या काडेपेटी-कारखान्यात
एकतीस वर्षं मी पेट्या भरल्या,
पण काड्या अशा आकड्यासारख्या वाचायला
ओयार्सने शिकवलं, तेही उशिरा, इस्पितळात.

चौकटींच्या वहीत त्याचे भागाकार आहेत.
तीनने भागलं: बाकी एक.
सातने: एक. अकराने, तेराने, एक.
एकोणीसनेसुद्धा एकच.
सतराने मात्र नऊ उरले.
तिथे समासात उद्गारचिन्ह,
कुणी दार न वाजवता आत आल्यासारखं.

सतरा काड्या फुटतात, म्हणायचा,
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस
हा त्यातला धाकटा तुकडा.
विसावी ठेवलीस तर अकराचा भाग लगेच जातो.
आणि आपण खुशाल म्हणतो, एकोणीस-वीसचा फरक!
ही मधली कुणालाच दाद देत नाही.
मूळ संख्या.
छापील कोष्टकात होतंच ते, त्याला ठाऊक होतं.
तरी तो भागत राहिला
दोनशे एकोणतीसपर्यंत.
पुढची पानं कोरी.

आज वीज गेली. व्हेंटा गोठलेली.
शेगडी पेटवायला टोकाची काडी उचलली
आणि उरलेल्या अठरांत
तीन, सात, अकरा, तेरा,
सगळे बिनदिक्कत आत शिरले.
बाकी शून्य.

अंधारातच फळी चाचपली,
पेटीतली एक नवी काडी काढून
रिकाम्या जागी ठेवली.
मग शेगडी.