डावा बॅक, चोपन्न

स्लायगोच्या धक्क्यामागे दारिउशचं दुकान.
जुने टोस्टर, जुने फोन, कुणीतरी गहाण टाकलेला सॅक्सोफोन,
आणि काचेत तीन खोकी.

साइव्ह म्हणते, पांढरं घे.
त्यात गवत हलतं, बाबा,
खेळाडू थुंकतात, मोजे वर ओढतात,
गोल झाला की मागच्या गर्दीतलं एक पोर
खांद्यावर चढून ओरडतं.
किंमत पाहून मी चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो.
आकडा तसाच.

दारिउश समजावतो, शब्द मोजून देत,
सुटे पैसे द्यावेत तसे:
हे स्वस्तातलं, पण याला तबकडीची फटच नाही,
खेळ नेटवरून उतरवायचा, तुमच्या वस्तीत उद्या दुपारपर्यंत उतरेल.
हे चिमुकलं, बोटीवरसुद्धा नेता येतं,
पण यातलं फुटबॉल...
तो ओठ मुरडतो.
मीठ विसरलेला बटाटा.
आणि कुठलंही घ्या,
दर वर्षी नवा खेळ, नवे पैसे,
लांबच्या पोरांशी खेळायची वर्गणी वेगळी.

मी मनातल्या मनात पावाच्या गाडीचा हप्ता वजा करतो.
मग टायर. मग तिचे दात.

आणि ते?

खालच्या फळीवर, इस्त्रीच्या शेजारी,
काळं, जाडजूड, धूळ बसलेलं.
ते? दारिउश हसतो.
ते या मुलीपेक्षा वयानं मोठं आहे.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात एक तबकडी आहे.
सकाळपासून आहे.
खरं तर घटस्फोटापासून आहे, खिसे बदलत.
त्यात आयर्लंडच्या संघांमध्ये, खालून दुसरा,
ड्रमशील रोव्हर्स.
जर्सी तीन, डावा बॅक, नाव बरोबर.
केस लाल दिलेत. माझे कधीच लाल नव्हते.
वेग एकेचाळीस, टॅकल सदुसष्ट,
एकूण चोपन्न.

कुठल्या तरी परदेशी ऑफिसात
मला कधी न पाहिलेल्या कुणीतरी
डबा खाता खाता चोपन्न ठरवलं असेल.
मी भांडणार नाही.
बायकोनं पन्नासच्या आत ठेवलं असतं,
आईनं साठ.

साइव्हला एवढंच ठाऊक:
बाबा खेळायचा, मग गुडघा गेला.
अक्कल गुडघ्यात असलेल्या माणसाचा
गुडघा जातो, तेव्हा काय काय जातं
हे अकरा वर्षांच्या पोरीला कसं सांगणार.

चालतं का बघू, मी म्हणतो,
आणि तबकडी काढून देतो, उगाच घाईनं.
दारिउश ती शर्टाच्या टोकाला पुसतो,
वायरी शोधतो, एक सापडत नाही, मग सापडते.
यंत्र खोकतं. घरघरतं. उजळतं.

ती संघ चाळते.
थांबते.
पडद्याकडे बघते, मग माझ्या डोक्याकडे,
मग परत पडद्याकडे.

हा तू?
केस चुकलेत, मी म्हणतो.

गवत मुळीच हलत नाही.
गर्दी म्हणजे पुठ्ठ्यावर मारलेले रंगाचे शिंतोडे.
पण सतराव्या मिनिटाला तो लाल केसांचा बावळट
घसरत जाऊन चेंडू काढतो
आणि दारिउश, ज्याला संध्याकाळी सहाला दुकान बंद करायचंय,
स्टूल ओढून बसतो.

सत्तराव्या मिनिटाला त्याच्या दमाची पट्टी
नखाएवढी उरते.
मला माहीत आहे ते मिनिट.
मी न राहवून म्हणतो, साइव्ह, बदल त्याला आता.
डावा पाय ओढतोय बघ.

ती यादी उघडते. वाचते. बंद करते.

गप्प बस, बाबा.
राखीव एक्कावन्न आहे.

चाळीस युरो, वायरींसकट.
गाडीत, पावांच्या रिकाम्या ट्रेंवर यंत्र ठेवून
ती पट्टा लावते. आधी त्याला, मग स्वतःला.
पुलापाशी आल्यावर म्हणते,
पांढरं नाताळला घेऊ.
आणि थोड्या वेळानं,
सदुसष्ट काही वाईट नाही.