तीनच्या पुढे तीनच

पन्नासाव्या वर्षी मी बसायला जागा नसलेली गाडी घेतली.
म्हणजे जागा होती. जुनी राजदूत, लांब सीटची.
तौसिफनं सीट खोलली, भंगारात फेकली,
वर पत्रा ठोकला आणि म्हणाला,
"आता बसाचं नाही, काकाजी. उभं राहाचं."

दारव्ह्याच्या अलीकडे अडाणला मिळणारा एक नाला आहे.
मार्चात पाणी डोहापुरतं उरतं,
मग काळे दगड वर येतात.
काही तव्यासारखे, काही भरल्या पोत्यासारखे,
एक तर बसलेली म्हैसच, पाठ घासून गुळगुळीत.
त्यांच्यावरून जायचं.
हळू. पायी चालणाऱ्याहून हळू.
मोह वेचून परतणाऱ्या बाया काठावर थांबतात,
टोपल्या खाली ठेवतात.
"मास्तर हाय का तो?"
"नाही वं, मोजणीवाला."

पाय टेकला की एक गुण.
दोनदा टेकला, दोन. तिसऱ्यांदा तीन.
त्यापुढे कितीही टेका, तीनच.
गाडी आडवी झाली की पाच.
आणि ज्याचे गुण कमी, तो वर.
तौसिफ एकोणीस वर्षांचा. हे सगळं तो मोबाईलवर शिकला.
मी विचारलं, तीनच्या पुढे तीनच का?
तो म्हणाला, "मालूम नाही. दया आली असंल."

लहानपणापासून ऐकत आलो,
पाय जमिनीवर असू दे.
असू दिले.
सव्वीस वर्षं जमीनच मोजतो आहे,
आधी साखळीनं, मग फितीनं, आता तिपाईवरच्या यंत्रानं.
वीतभर सरकलेल्या धुऱ्याच्या
या अंगाला एक भाऊ, त्या अंगाला दुसरा,
मधे मी, चुन्याची पिशवी घेऊन.
दोघंही मला चहा पाजतात.
दोघंही नंतर शिव्या देतात.

पहिल्या महिन्यात नडगी सोलली.
कुंदानं दिव्याखाली पाय धरला.
"मोजणीत मारलं का कोणी?"
नाही. दगडावरून पडलो.
"दगडावर कायले गेलते?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
तिनं हळद लावली, जरा जोरातच.

शिकण्यासारखं फार थोडं असतं.
क्लच दोन बोटांवर, अर्धा.
गुडघे सैल, जसे देवळात कोणाला वाट देताना.
"नजर दगडावर नोका ठेवू," तौसिफ ओरडतो,
"दगडाच्या पुढं ठेवा!"
मी मात्र दगडच पाहतो.
दगड पाहायचीच सवय आहे मला,
हद्दीचे, हललेले, रात्रीतून कोणी उचलून
चार पावलं पलीकडे रोवलेले.

काल म्हशीवर चढलो.
पुढचं चाक वर, मागचं तिच्या पुठ्ठ्यावर,
आणि गाडी थांबली. बंद नाही पडली. थांबली.
इंजिन खालून धडधडत होतं,
साखळी ताणलेली,
मी उभा, हात जड, कानात घाम.
तेव्हा आठवलं,
या नाल्याच्या मधून दोन शिवारांची शीव जाते.
चौदा साली ती रेघ मीच काढली होती,
नेमकी या दगडावरून, कारण दगड हलणार नव्हता.
अलीकडचे लोक म्हणाले होते, पैसे खाल्ले.
पलीकडचेही तेच म्हणाले होते.

किती वेळ होतो कोण जाणे.
तौसिफ म्हणतो तीन सेकंद. त्याचं गणित कच्चं आहे.
तेवढा वेळ माझे पाय
कोणाच्याच जमिनीवर नव्हते.
सातबाऱ्यात नसलेल्या जागी मी उभा होतो.
खाली मुंग्या आपल्या आपल्या या शिवारातून त्या शिवारात.

मग डावा पाय घसरला, टेकला.
"एक!" तौसिफ ओरडला, टाळी वाजवत.
काठावरची एक बाई हसली,
टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

पाय कोणत्या शिवारात पडला,
ते मी पाहिलं नाही.