तो, ती, ते

फाल्गुनीचा नर्सिंगचा डिप्लोमा मीच मढवला होता.
लग्नाच्या आदल्या वर्षी, गिऱ्हाईक म्हणून आली होती तेव्हा.
सागाची पट्टी, साधी काच, मागे पुठ्ठा, बारा चुका.
मी पैसे घेतले नव्हते असं ती सगळ्यांना सांगते.
घेतले होते. चाळीस कमी घेतले.

गेल्या आषाढात त्या चुका एकेक उपटल्या.
एजंटला मूळ कागद हवा होता, शिक्क्यांसाठी.
कागदाचा कोपरा काचेला चिकटलेला.
ब्लेड तिरपं धरून, श्वास रोखून सोडवला,
तरी तारखेतलं एक शून्य काचेवरच राहिलं.
म्हणाली, जाऊ दे, शून्यच तर आहे.

वर्षभर दांडिया बाजारच्या आमच्या दोन खोल्यांत
पहाटे पाचला जर्मन चालायचं.
देअर, दी, दास. देअर, दी, दास.
बाबांना वाटलं, सूनबाईला मारुतीनं धरलंय.
कुणाला न सांगता त्यांनी
शनिवारचा रुईचा हार दुप्पट केला.

मी चहा गाळता गाळता चिठ्ठ्या दाखवायचो.
चमचा? देअर. आपलाही तो.
रात्र? दी.
मीठ, पाणी, रक्त, तिन्ही दास,
तिन्ही आपल्यासारखीच ते.
सोपी आहे गं भाषा, मी म्हणायचो,
जसा काही मीच निघालो होतो.
मग ताप आला. आपला तो, तिकडे ते.
हात तिकडे ती.
चंद्र पुरुषच, पण सूर्य बाई.
आणि मुलगी? ती नाही, ते.
हेतवी कंपासपेटी आवरत होती.
मान वर न करता म्हणाली, मी ते?
फाल्गुनीनं ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली.

पगार किती, सगळे विचारतात. रावपुऱ्यातले तर आधी तेच.
आमचा दोघांचा इथला, त्याला पाचनं गुणा,
मग घरभाडं वजा करा,
मग तो कोट, ज्याच्या किमतीत मी
दुकानाला नवं शटर लावलं असतं.

वासी उत्तराणच्या रात्री अहमदाबादला सोडलं.
बोटाला मांजा लागलेला तिच्या.
एक्स्प्रेस-वेवर, गाडीतल्या दिव्यात
मी पट्टी बांधायला घेतली.
सैल होतेय, म्हणाली,
आणि सोडून स्वतःच बांधली, दातांनी गाठ ओढून.
पंधरा वर्षं कारेलीबागेत रात्रपाळ्या केलेल्या बाईला
नवऱ्यानं पट्टी बांधायची नसते.

तिच्या गावाचं नाव मला अजून जमत नाही.
मधली दोन अक्षरं खोकल्यासारखी काढायची असतात.
तिकडे चारलाच दिवेलागण, सांगते.
वॉर्डात नव्वदीची एक म्हातारी
रोज विचारते, घरी कधी जायचं?
उद्या, ही म्हणते.
पहिल्या आठवड्यात शिकलेला शब्द.

आता एजंट म्हणतो, तुम्हालाही परीक्षा द्यावी लागेल,
पहिली पायरी तरी.
चिठ्ठ्या हेतवी धरते. तिचा उच्चार माझ्यापेक्षा बरा.
घर? ती विचारते.
ते, मी म्हणतो, पाठ न करताच.
मराठीत ते, बाजारातल्या गुजरातीत ते, तिकडेही ते.
आणखी एक गुण, हेतवी म्हणते,
आणि पुढची चिठ्ठी काढते. खिडकी. चुकतो.

काल एक काका दुकानात
भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे बोट करून म्हणाले,
आ केटलानी?
ही द्यायची नाही, म्हटलं. माप घेतलेलं आहे.
कोनुं, त्यांनी विचारलं.
मी काच पुसायला घेतली.

रात्री पाहिलं. चौकट तिकडे तो.
चुका डबीत जपून ठेवल्या होत्या.
मोजल्या. अकरा.