तिसरा कोंबडा

नेब्रास्कातल्या त्या वृद्धाश्रमात
शुक्रवारी जेवणानंतर भिंतीवर सिनेमा लावतात.
आज, कोठाराच्या छपरावरून उडून गेलेल्या
पत्र्याच्या कोंबड्याची गोष्ट.
म्हणजे पुन्हा एकदा.

व्हर्ना लुंडक्विस्टने तिन्ही पाहिलेत :
पहिल्यात कोंबड्याच्या पोटाची तार दिसायची,
दुसऱ्यात तो उगाचच गात सुटला,
आणि ह्यात तर पीस न् पीस हलतं,
गंजसुद्धा सोन्यासारखा.

"छान केलाय हो," शेजारची आर्डिस म्हणते.
व्हर्ना मान हलवते.
होय की नाही, कळत नाही.

मक्याच्या कणगीत, कंदिलाला पाठ लावून
ऑर्व्हल वाचून दाखवायचा तिला ही गोष्ट.
'व-व-वारा' म्हणताना अडायचा,
आणि कोंबडाही तिथेच अडायचा,
एक पाय हवेत.
शब्द सुटेपर्यंत
अख्खं आभाळ खोळंबून राहायचं.

ऑर्व्हल कोरियाहून आला नाही.
पुस्तक भाचीकडे गेलं,
मग कुठे, कोण जाणे.

भिंतीवर कोंबडा घडाघडा बोलतो,
एकदाही न अडखळता
पूर्वेकडे निघून जातो.

दिवे लागतात. खुर्च्या सरकतात.
व्हर्ना अजून
'व'वरच थांबलेली.